पाऊल जाणणारा रस्ता

स्वयंपाकघरात वाटी घरंगळली आणि सकाळची शांतता भंगली.

"आई, रस्ता वळला!" खिडकीला नाक लावून तनू ओरडली.

आश्लेषा धावतच बाहेर आली. तिने स्वतः पेरलेला, मातीचा दगड करणाऱ्या शिलाजंतूंचा रस्ता नव्या वसाहतीतून निघून चार दिवस शहाण्यासारखा महामार्गाकडे वाढत होता. आणि आता, जेमतेम पन्नास पावलं उरलेली असताना, त्याने मान फिरवली होती. निघाला होता ओसाड पठाराकडे! दुपारी तपासणी. रस्ता महामार्गाला भिडला नाही तर घरांना परवानगी नाही, म्हणजे कोंडवाडीची दोनशे कुटुंबं यंदाही दरडीखालीच झोपणार.

"सर, जंतू बिघडले?"

हे जंतू घडवणारे खोब्रेकर सर उकिडवे बसून माती चाचपत होते. "ते कशाला बिघडतील? त्यांना एकच कळतं, दाब. माती जिथे तुडवलेली, तिथे ते दगड घडवतात. जितकी पावलं, तितका रस्ता रुंद. तुडवलेली माती तो दाब हजारो वर्षं विसरत नाही. आणि हा शेवटचा पट्टा? इथे आपण काय केलं?"

आश्लेषाने जीभ चावली. ओलं काँक्रीट जपावं तशी तिनेच तिथे दोरी बांधली होती. वर पाटी : पाय ठेवू नये.

नव्या घरांची अंगणं चोपायला कोंडवाडीहून आलेल्या बायकांतली पारूबाई खळखळून हसली. "अवं बाई, पाय न लावता कुठं वाट पडती व्हय?"

दोरी सुटली. पदर खोचून बायका चोपण्यांसकट पट्ट्यावर उतरल्या. त्यांच्यात तनूचे दोन पाय. दुपारपर्यंत त्यांच्या टाचांखालून करडा दगड सरकत सरकत महामार्गाला जाऊन भिडला. तपासणीची गाडी त्यावरून आली, कागदावर सही झाली. पारूबाई तिथेच बसली आणि तापलेल्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "मेल्या, किती छळलंस!"

पठाराकडचा फाटा मात्र थांबला नव्हता. आश्लेषा, सर आणि तनू त्याच्यावरून चालत गेली. तो रुंदावत होता, महामार्गाहूनही रुंद.

"इथे कधी गाव होतं?" आश्लेषाने विचारलं.

"कुठेच नोंद नाही." सर वाकले. दगडावर उथळ लहरी उमटल्या होत्या, एकेका पावलाची एकेक. "चालताना टाच जास्त रुतते, चवडा कमी. म्हणून लहर चालीच्या दिशेने कलते. बायका मागे-पुढे फिरल्या, तिथे दोन्हीकडे कललीय. इथे बघ."

इथे सगळ्या लहरी एकाच बाजूला कलल्या होत्या, नजर पोचेल तिथवर, क्षितिजाकडे. कडेच्या लहरी इवल्याशा होत्या. तनूने चप्पल काढून एकीत पाऊल ठेवलं, नेमकं बसलं.

"आई, ही मुलं परत का नाही आली?"