धक्क्याच्या आधी

ते पुस्तक आम्ही दोघांनी एकदमच धरलं. विभागाच्या वाचनालयात विद्युतगतिकीची ती एकच प्रत. मी सोडेना, तोही सोडेना.

“अर्धं अर्धं वाचू,” तो हसला. “मी प्रज्वल. नरखेडचा.”

“मी प्रणाली. अर्धं वाचायची सवय नाही मले.”

शेवटी एकाच टेबलावर बसलो, सेमिनारही जोडीनं घेतला. विषय भारी लहरी. इलेक्ट्रॉनला धक्का दिला की तो लहरी फेकतो, आणि त्या फेकण्याचा झटका त्याचा त्यालाच बसतो. समीकरण सोडवलं की भलतंच निघतं: एक तर तो आपणहून पळतच सुटतो, नाही तर धक्का लागायच्या आधीच हलतो. प्रज्वल हे समजावताना घरच्या बागेतलं संत्रं सोलायचा आणि एकेक फोड... न बघता माझ्याकडे सरकवायचा. मी पाघळले, कबूल.

मग सोमवारी रजिस्टर पाहिलं. पुस्तक एका नावावर दिवसात दोनच तास मिळतं, सही करून. बाराला प्रज्वल, दोनला आमच्याच वर्गातली श्वेता. मंगळवारी मुद्दाम पाहिलं. तेच. बुधवारीही तेच. दुपारी मी नंदनवन भागात आईचं साड्यांचं दुकान सांभाळते, चारला पोचते. म्हणजे तोवर ही दोघं इथं! मला कुणी काही बोललं नव्हतं, तरी राग आपला वाढतच होता. श्वेताच्या सहीतल्या वळणदार अक्षराचासुद्धा मला राग आला.

गुरुवारी मी वही मिटली. “सेमिनार तू श्वेतासोबतच कर. जोडी बदलायचा अर्ज दिला मी सरांना.”

“काहून वं?”

“रोज दुपारी तिच्यासोबतच वाचून राहिला न गा? संत्री पण देतो का तिले?”

त्याचे कान लाल झाले.

“श्वेता सही करते अन् चालली जाते. दोनले पुस्तक परत दिलं का तीनले वर्गातला हेमराज घेते, अन् पाचपर्यंत सोडत नाही. म्हणून चारपर्यंत तिच्या नावावर ठेवतो. मी टेबल धरून बसतो.”

“कोणासाठी?” विचारलं, आणि जीभ चावली.

उत्तराऐवजी त्यानं माझी वही उघडली. इलेक्ट्रॉनच्या आलेखात धक्का शून्य सेकंदाला होता, पण रेघ शून्याच्या आधीच वर चढलेली.

“हे तू,” तो हळूच म्हणाला. “मी अजून काही विचारलंच नाही... अन् तू जळून राहिली.”

मला रडू येत होतं आणि हसूही. सेमिनार शनिवारी होता, अर्ज सरांच्या टेबलावर होता, आणि चूक सगळी माझी होती.

“मग विचार लवकर,” मी म्हणाले. “अर्ज मागं घ्यायचा तर सर कारण विचारतील.”

त्यानं घसा खाकरला. “प्रणाली, तू...”

खरं सांगते, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच माझी मान हलली होती.