बद्रीच्या नावाची बाहुली

ही घटना आमच्या घरात घडली. मी रसायनशास्त्र शिकलेली मुलगी आहे; तपासता येत नाही ते सहसा मानत नाही.

गेला रमजान. इजिप्तमधलं लक्सर, नदीचा पश्चिम काठ.

बाबा पर्यटकांसाठी लाकडाच्या लहान बाहुल्या कोरतात. छातीवर दुमडलेले हात, हातांत कुदळी. पूर्वी अशा बाहुल्या मेलेल्या माणसाबरोबर पुरत. परलोकात शेतावरच्या कामाची हाक आली, की त्याच्याऐवजी बाहुलीने म्हणायचं, 'आलो.'

त्या वेळी बाबांनी प्राचीन थडग्यातल्या एका शवपेटीची फळी वापरली.

"लाकूड जुनं असलं, की बाहुली कालची आहे का, हे कोण विचारतं?"

पाठीवर पेटीच्या मालकाचं अर्धं नाव तसंच राहिलं. समोर त्यांनी नमुना म्हणून जुन्या लिपीत माझ्या धाकट्या भावाचं नाव कोरलं. बद्री.

"या नावाचं कुणीतरी काम करेल एकदाचं," आई म्हणाली. बद्रीच सगळ्यात जास्त हसला.

संध्याकाळी ताटं मांडून आम्ही बांगेची वाट बघत होतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं...

"आलो," बद्री म्हणाला.

"कुणाला रे?"

"आत्ता हाक मारली ना."

कुणीच मारली नव्हती.

सकाळी त्याच्या तळहातांवर फोड होते. नखांत काळा, ओला गाळ.

मी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नदीच्या पुराचा ताजा गाळ. धरण झाल्यापासून इथे पूर आलेला नाही.

"बघा, प्रयोगशाळा बोलली," बद्री म्हणाला. पण संध्याकाळी रोजा सोडताना त्याला भाकरी मोडवत नव्हती.

रोज तो कुणाला तरी 'आलो' म्हणायचा. रोज आणखी वाळायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

शेवटी बाबांनी पटाशी घेतली आणि बाहुलीवरचं त्याचं नाव तासून टाकलं.

"सुटलं माझं पोर."

आईने सरबताचा पेला पुढे केला. "घे, बद्री."

तो वळला नाही.

मी हाक मारली. बाबांनी मारली, अगदी कानाशी.

परक्या माणसाला कुणी बोलावत असावं, तसा तो आमच्याकडे बघत राहिला.

मग रिकाम्या दाराकडे तोंड करून म्हणाला...

"आलो."

बाबा अजून ते नाव पुन्हा कोरतात. सकाळपर्यंत लाकूड भरून येतं, जखम भरावी तसं.

त्याचे कान मी तपासून घेतले. उत्तम आहेत.

आई दिवसभर त्याला नावाने हाका मारते.

तो उत्तर देतो. पण तिला नाही.