भाजी होशील का?

तो दुकानात शिरला तोच मुळी काचेच्या दारावर आपटून. एका हातात चष्म्याची काडी, दुसऱ्या हातात उरलेला चष्मा, आणि चेहऱ्यावर वर्गात उशिरा पोचलेल्या मुलाचं ओशाळं हसू.

"बसलात ना त्याच्यावर?" तिने काउंटरमागून विचारलं.

मिशा हलल्या. मिशांखाली काहीतरी बोलणं झालं असावं... पण दाट झुडपात पाखरू हलावं तसं. झुडूप हललेलं दिसलं, पाखरू काही दिसलं नाही.

"कळलं नाही. पुन्हा सांगा," ती म्हणाली. "मला कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे, तरी निम्मं मी ओठांवरून वाचते. आणि तुमचे ओठ — राग मानू नका — सापडत नाहीयेत."

हे असं बिनधास्त सांगणं तिला आयतं मिळालं नव्हतं. ऐकू येणं कमी होत गेलं तशी तिला मान डोलवायची सवय लागली होती. कोणी काही बोललं की गोड हसायचं आणि 'हो हो' करून मोकळं व्हायचं. मग एकदा मामेबहिणीने मोडलेल्या लग्नाची बातमी दिली आणि ही हसून म्हणाली, "अरे वा!"

त्या दिवशी तिने ठरवलं. न कळलेल्या गोष्टीला 'हो' म्हणायचं नाही. समोरचा वैतागला तर वैतागला. केसही ती वर बांधू लागली. मशीन दिसतंय? दिसू दे! लोक नाकावर काचा चढवून मिरवतातच की.

तो वाचनालयात ग्रंथपाल होता. दिवसभर दबक्या आवाजात बोलून बोलून घसा तेवढ्यावरच अडकलेला. तिने त्याचं नाव ठेवलं — कुजबुजे.

चष्मा दुरुस्त झाला, पण कुजबुज्यांच्या चकरा थांबेनात. कधी काडी ढिली, कधी नाकाला टोचतंय.

"याचा स्क्रू चष्म्याचा नाही गं, डोक्याचा सैल झालाय," दुकानाची मालकीण म्हणायची. तिला सगळे मावशी म्हणत.

काडी कानामागे नीट बसवायला ती त्याच्या अगदी जवळ झुकायची. तेव्हा तो श्वास रोखून छताकडे बघायचा. हळूहळू शिकलाही — उजेडाकडे तोंड करायचं, तिने वर पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. एकदा तर मिशा कातरून आला.

"आता?"

"जंगलच आहे अजून. पण पायवाट दिसतेय हं!"

मग एका गर्दीच्या संध्याकाळी त्याने काउंटरवर टकटक केली. तिने वर पाहिलं. तो लालेलाल झाला होता. ओठ हलले, आणि तिने वाचलं —

भाजी होशील का?

मान हलायलाच आली होती. जुनी सवय! तिने ती आवरली. "कळलं नाही. पुन्हा सांगा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाइकं, मावशी... "काही नाही. जाऊ दे."

हे वाक्य मात्र तिला अंधारातही वाचता आलं असतं. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"दहा वेळा विचारीन मी. वैतागा, हातवारे करा, कागदावर लिहा. पण 'जाऊ दे' नको. त्या 'जाऊ दे'बरोबर दर वेळी मीच बाहेर जाते."

तो चष्मा सावरत दाराबाहेर पडला.

"मावशी, 'भाजी होशील का' असं कोणी विचारतं?"

"भाजी?" मावशी काउंटरवरच्या आरशासमोर पुटपुटली. "भाजी... पाजी... मा..." आणि खुर्चीत कोसळून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं बये, तूच म्हणून बघ आरशात!"

तिने म्हणून पाहिलं. भाजी. माझी. ओठ तसेच मिटले, तसेच उघडले... कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि 'होशील'? अहो-जाहो सोडून?

"मग कळव ना त्याला — हो म्हणून!"

"अंदाजाने नाही, मावशी. इतक्या मोठ्या गोष्टीला तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी ती थेट वाचनालयात जाऊन त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. त्याने मान वर केली — आणि मिशा गायब! वरचा ओठ उघडा, गोरामोरा.

"सापडले एकदाचे," ती म्हणाली. "काल काय म्हणालात?"

तो उठला. डोक्यावर 'शांतता राखा'ची पाटी होती. त्याने घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत मोकळ्या आवाजात बोलला.

"माझी होशील का?"

माना वळल्या. "अहो, हळू!" वर्तमानपत्रामागून एक आजोबा ओरडले.

तिला डोळ्यांनीही कळलं, कानांनीही. "हो," ती म्हणाली. पण आवाज कुठेतरी घशातच विरघळला.

त्याने कानामागे हात धरला. डोळे हसत होते. "कळलं नाही. पुन्हा सांग."

तिने पाटीकडे एकदा पाहून घेतलं. आणि मग असं खणखणीत 'हो' म्हणाली, की तिचं तिलासुद्धा नीट ऐकू आलं.