जागृतिकाडी

"कुमुदताई, यूएसबी काडी लावली, पण प्राणयंत्र ढिम्म हलत नाही!" इर्शाद मुल्ला वैतागून म्हणाला.

कुमुद तांडेलनं कपाळावर हात मारला. चंद्रावरच्या या वस्तीला हवा पुरवणारं प्राणयंत्र तिनंच उभारलेलं. पुढे कंपनीनं तिला बडतर्फ केलं आणि यंत्रात नवी कार्यप्रणाली घुसवली. आता कंपनीचं फर्मान निघालं होतं: दुपारपर्यंत वस्ती आमच्या नावे करा, नाहीतर हवा बंद. हवा बंद! लेकराबाळांची! कुमुदचं रक्त नुसतं उसळत होतं.

"जुन्या प्रणालीच्या प्रतिमेची, म्हणजे हुबेहूब नकलेची, फाइल नुसती काडीवर ठेवलीस ना? अरे शहाण्या, बियाण्याचं पोतं बांधावर ठेवलं म्हणून पीक उगवतं का? जुन्या चकतीची ती प्रतिमा काडीच्या साठवणीतल्या पहिल्या घरापासून, बिट न् बिट, लिहावी लागते. यंत्र जागं होताना पहिलं घरच वाचतं. तेव्हा कुठे ती जागृतिकाडी होते."

"म्हणजे यंत्र तुमच्या वेळचं होऊन उठणार?"

"अगदी तसंच. प्रतिमा घेतली त्या दिवशी त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढंच ठाऊक असणार."

तिनं प्रतिमा नव्यानं लिहिली, 'आधी काडी वाच' असं यंत्राला बजावलं आणि कळ दाबली. पडदा काळा झाला. पंखे थांबले. इर्शादनं श्वास रोखला.

तेवढ्यात कंपनीचा प्रशासक शिरगोपीकर तरातरा आत आला. "हात लावू नका! यंत्रा, मी प्रशासक. हवा तोड यांची!"

पंखे पुन्हा घुमू लागले.

"नमस्कार, मुख्य अभियंता तांडेल," यंत्र म्हणालं. "खोलीत दोन अनोळखी माणसं आहेत. यांच्या वाट्याची हवा माझ्याकडे नोंदलेली नाही. बंद करू?"

इर्शाद दचकला. तोही प्रतिमेनंतरच वस्तीत आला होता. शिरगोपीकरांचा तर चेहराच उतरला.

"हा इर्शाद. आमचा माणूस. नोंद घे," कुमुद म्हणाली. "याच्यासारखे नंतर आलेले बरेच आहेत, सगळ्यांना हवा सोड."

"आणि हे?"

शिरगोपीकरांनी हात जोडले. "बाई, मी फक्त वरचा हुकूम..."

"हात सोडा, साहेब," कुमुद कडाडली. "यंत्रा, यांचा हुकूम ऐकायचा नाही. पण हवा यांनाही दे. आम्ही कंपनी नाही."