जोडडोंगा

"कापू नका ते," कालिंदी काठावरून ओरडली, तोवर त्याने कापलंही होतं.

धुक्यात आधी नुसता आवाज आला होता, लाकडाला पाणी चाटतं तसा. ती डोळे चोळत तंबूबाहेर आली, तर समोर एक लांबट काळा डोंगा. त्यात एक तरुण उभा, एका हातात विळा, दुसऱ्या हातात थर्माकोलचा पांढरा तुकडा. तो तुकडा त्याने पायाशी टाकला. तिथे आधीचे तीन पडलेले होते.

म्हणजे चार. तिने लावले होते सहा.

एकवीस दिवसांपूर्वी बांधापासून चार तास वल्हं मारत ती आणि रीना या फाट्यात पहिल्यांदा आल्या होत्या. इकडे रस्ता नाही. तळं जंगलात हाताच्या बोटांसारखं शिरलंय, त्यातलं उत्तरेचं हे शेवटचं बोट. पाण्यात सहा डबे दोरीने टांगायचे, वर थर्माकोल बांधायचा, डब्यात किती गाळ साचतो ते एकवीस दिवसांनी मोजायचं. परवा दोघी पुन्हा आल्या, तंबू ठोकला, आणि आज डबे काढायचे होते. नेमके आजच.

तिने केशरी कॅनो पाण्यात ढकलली आणि अनवाणीच वल्हं हाणत गेली. वेग आवरला नाही. कॅनोचं नाक डोंग्यावर धाडकन आदळलं आणि त्याचा अंगठा विळ्याच्या पात्यावर गेला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"जाळे कापले," तो अंगठा तोंडात धरून म्हणाला. "तुमचे हायेत काय?"

"जाळी नाहीत ती. खाली डबे होते. एकवीस दिवस हात न लावता टांगलेले."

त्याने वाकून पाण्यात पाहिलं, जणू डबे अजून दिसतील. "मंग सापडतीन न. गळ टाकून काढून देतो."

"काढून उपयोग नाही. डबा तळाशी आपटला, त्यात तळाचा चिखल गेला. आता त्यातला गाळ कुठला आणि कधीचा, देवालाही सांगता येणार नाही." तिचा आवाज कापत होता, आणि तो थंडीने कापतोय असं त्याला वाटू नये म्हणून ती आणखी जोरात बोलत होती. "कापायच्या आधी एक दोरी ओढून बघायची होती. एक."

"अन् तुमी पाण्यात टाकायच्या आधी गावात याचं होतं," आता तोही तापला. "कार्तिकापासून होळीवरी हा फाटा बंद राह्यते. मासे इथं निजतेत. कोणाले काई टाकायचं असन त पुनारामकाकाले सांगा लागते, ते लाल चिंधी बांधून देतेत. चिंधी नाई त कापायचं. दर आठवड्याले एका घराची पाळी. या आठवड्याले आमची. आधीच्यायले धुक्यात दिसले नसतीन."

"माझ्याकडे पाटबंधारे विभागाचं पत्र आहे."

"मासे पत्र वाचत नाईत, मॅडम. मागच्या साली बाहेरचे लोक असेच रातच्याले जाळे लावून गेले. चार महिने आमाले मासोळीचं पिल्लू दिसलं नाई."

"नाव काय तुमचं?"

"तक्रार करता? लिवा. वीरेंद्र. पाण्याच्या त्या अंगाले जे पहिलं घर लागते, थे माह्यं." आणि तो डोंगा वळवून निघूनही गेला. माफीचा एक शब्द नाही. तिच्या पायाला पाण्याने झिणझिण्या आल्या होत्या. या माणसाची पाठ इतकी सरळ का आहे, याचाही तिला राग आला.

रीनाने चुलीवर चहा ठेवला होता. ती कालिंदीची कॉलेजमधली ज्युनियर, आणि घडलेलं सगळं तिने काठावरून पाहिलं होतं. "दीदी, दोन डबे तो बचे हैं," ती म्हणाली.

"ते दोन्ही फाट्याच्या तोंडाशी आहेत. दोनावर काहीच सिद्ध होत नाही."

सोमवारी बालाघाटला विभागाची यादी बंद होणार होती. पुढल्या उन्हाळ्यात कोणत्या तळ्यांचा गाळ काढायचा त्याची यादी. हे तळं वर्षाला किती भरतं, हा आकडा असेल तर नाव जाईल. नसेल तर पुन्हा पाच वर्षं कोणी विचारणार नाही. आज शुक्रवार होता. कालिंदीने सहा महिने एका आकड्यामागे घालवले होते आणि तो आकडा एका विळ्याने गेला. ती चहा न पिता तासभर बसून राहिली. रडू येत नव्हतं, हे तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

दुपारी तो परत आला. एका डोंग्यात स्वतः, मागे दुसरा डोंगा बांधलेला, त्यात चार लांब बांबू.

"पुनारामकाका म्हणते, चूक दोघायची हाय. तुह्या वाट्याची भरून दे म्हणते," तो काठावर न उतरताच म्हणाला. "काय करा लागन, सांगा."

"काही करता येत नाही."

"आता तुमीच इतक्या शिकल्या, अन् एकच रस्ता मालूम?"

हे तिला लागलं. इतकं लागलं की ती तंबूतून प्लास्टिकची दीड मीटरची पारदर्शक नळी घेऊन आली आणि त्याच्यासमोर आपटली. "हा दुसरा रस्ता. लांब दांड्याला लावून नळी तळात सरळ खुपसायची, दोरी ओढून वरचं रबरी बूच लावायचं, आणि उचलायची. आत वर्षावर्षाचे थर येतात. पण मी नळी खाली दाबली की कॅनो सरकते. नळी तिरकी होते, थर कालवले जातात. पहिल्या वेळेला तीनदा करून पाहिलंय मी."

त्याने नळी हातात घेऊन डोळ्याला लावून पाहिली. मग विचारलं, "शिंगाडे तोडताना पाह्यलं काय कधी कोणाले?"

"नाही."

"मंग बसा."

त्याने दोन डोंगे हातभर अंतरावर शेजारी ठेवले, आडवे दोन बांबू टाकून दोरीने कचकचीत आवळले. फाट्याच्या मध्यावर नेऊन उरलेले दोन बांबू पुढे आणि मागे तळात रोवले आणि डोंगे त्यांना बांधले. "जोडडोंगा म्हणतेत याले. शिंगाडे याच्यावर बसूनच तोडतेत. पोरं याच्यावर नाचतेत तरी हालत नाई."

कालिंदी मधल्या फटीकडे तोंड करून गुडघे टेकून बसली आणि मुद्दाम जोरात हलली. खरंच हललं नाही. तिने मनात त्याला मार्क दिले आणि लगेच परत घेतले.

"अंगठा द्या आधी," ती म्हणाली.

"काहून?"

"रक्त नळीत गेलं तर माझा नमुना खराब होईल."

नमुन्यांवर लावायची निळी चिकटपट्टी तिने त्याच्या अंगठ्याभोवती तीन वेढे गुंडाळली, गरजेपेक्षा एक जास्त. तो हूं की चूं न करता तिच्या कपाळाकडे बघत होता. तिला ते कळत होतं, आणि म्हणून तिने मान वर केली नाही...

पहिली नळी दोघांनी मिळून दांड्याने दाबली. तिचे हात वर, त्याचे खाली. मग त्याचे वर सरकले. पाण्याने दोघांचे हात इतके गार झाले होते की कोणाचं बोट कुठलं ते कळेना.

"सरळ," ती म्हणाली.

"सरळच हाय."

"दोन अंश डावीकडे आहे."

"तुमचं डोकं तिरकं हाय, मॅडम. नळी सरळ हाय."

तिने मान सरळ केली. नळी सरळ होती. हरल्यावर गप्प बसायची तिची पद्धत होती.

बूच लागलं. नळी वर आली, आणि दोघंही तिच्यावर वाकली. आत पट्टे होते. काळा, मातकट, काळा, मातकट. पानगळीचा काळा, पावसाळ्यातल्या गाळाचा मातकट, दोन्ही मिळून एक वर्ष. खाली अगदी तळाशी लाल माती आणि त्यात गवताच्या मुळ्या.

"हे काय होय?"

"ही बांध बांधायच्या आधीची जमीन."

"इथं माह्या आजाचं वावर होतं," तो हळूच म्हणाला. "थे मुळ्या... आमच्या धुऱ्यावरच्या गवताच्या असतीन."

तिने नुसते काळे पट्टे मोजले. दोनदा. एकतीस. त्यानेही मोजले आणि वरून सत्ताविसाव्यावर निळ्या पट्टीचा अंगठा ठेवला. "हा माह्या जनमाचा."

"माझा त्याच्या वरचा." आणि तिला जाणवलं की गेली दहा मिनिटं आपण रागावलेलो नाही. ते सावरायला ती म्हणाली, "चार डबे मी विसरलेले नाही."

"मी बी मासे विसरलो नाई."

शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन नळ्या झाल्या. पण नळ्या उभ्याच न्यायच्या होत्या, न हिंदकळता, बस मिळते त्या लामत्यापर्यंत पाण्याने आणि पायी आणि तिथून बसने बालाघाट. तंबूचं सामान घेऊन रीना कॅनोने बांधाकडे जाणार होती. उरले कालिंदीचे दोन हात आणि नळ्या तीन. दोघांपैकी कोणी काही ठरवलं नाही. रविवारी सकाळी तो धुतलेला सदरा घालून आला, पाळी भावाकडे सोपवल्याचं सांगितलं आणि दोन नळ्या कवेत घेतल्या.

बसमध्ये जागा नव्हती. दोघं उभी राहिली, तो दोन नळ्या घेऊन, ती एक. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय हाय रे बाबू त्याच्यात?"

"तळं, मावशी."

म्हातारीने नळी निरखून पाहिली. "सुकलं काय मंग थे?"

"सुकलं नाही, भरतंय," कालिंदीनेच सांगितलं. आकडेमोड तिने डोक्यात करून ठेवली होती. जुन्या वर्षांचे थर दोन-सव्वादोन सेंटिमीटरचे. वरचे पाच मात्र सात-सात सेंटिमीटरचे. फाट्यात पाणी अडीच मीटरही नाही. "असंच चाललं तर चौतीस वर्षं. मग फाटा नाही."

"चौतीस?" वीरेंद्रचा आवाज चढला. "चौतीसच? अन् हे एवढे दिवस कोणी सांगतलं नाई आमाले?"

"माझ्यावर कशाला ओरडता?"

"तुमच्यावर नाई ओरडून राह्यलो. मले राग येऊन राह्यला."

"मलाही येतोय. म्हणून तर नळी धरून उभी आहे."

नदीचा पूल ओलांडला तेव्हा फोनला रेंज आली. तिने खांद्यात फोन दाबून विभागातल्या सरांना लावला. सर म्हणाले, रविवारी काय? ती म्हणाली, आकडा आहे. सरांनी विचारलं, डब्यांचा? ती म्हणाली, डबे गेले, पण एकतीस वर्षांचा पुरावा आहे, उद्या दहा वाजता टेबलावर उभा करते. मग सर म्हणाले, तळ्याचं नाव यादीत घालून ठेवतो.

तिने फोन ठेवला. वीरेंद्र तिच्याकडे बघत होता, आणि या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"मंग मी काय करू आता?" त्याने विचारलं. "स्टॅंडावर नळ्या देऊन वापस जाऊ?"

"आज ऑफिस बंद आहे. नळ्या आमच्या घरी राहतील. बाबा असतील. त्यांना सांगीन, हेच ते, ज्यांनी डबे कापले."

"मंग?"

"मग ते रागावतील. सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढलीत, मोठ्याने रागावतात. तुम्ही ऐकून घ्यायचं."

"हौ. अन् मंग?"

"मग चहा होईल."

"अन् मंग?"

बस खड्ड्यात गेली. तिने नळी छातीशी धरली आणि समोरच्या खिडकीकडे पाहत, हिशोब सांगावा तसं सांगून टाकलं, "मग मी सांगीन की हा माणूस मला आवडतो. पण आधी रागावून होऊ दे त्यांचं. मधे बोललेलं त्यांना चालत नाही."

या वेळी "अन् मंग?" आलं नाही. तिला पुन्हा राग यायला लागला, म्हणून तिने वळून पाहिलं. जानेवारीतही त्याच्या नाकावर घाम आला होता, आणि दोन्ही हात नळ्यांत अडकल्यामुळे तो पुसता येत नव्हता.

कालिंदीने मोकळ्या हाताने ओढणीचं टोक घेतलं आणि तो पुसला. जरा जोरातच.