चौपन्न नंबरचा आवाज

दुपारचे सव्वातीन. एका बंद पडलेल्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं तळघर. आत तीन माणसं: तिथे आता वाद्यदुरुस्तीचं दुकान चालवणारा मिस्त्री, केस पूर्ण पांढरे झालेल्या एक बाई, आणि मी. दिवे चालू होते, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या आणि तिघांनीही नुकताच चहा घेतला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण याची बातमी छापल्यापासून मला अंधार, थकवा आणि वय या तीन गोष्टींबद्दल फार प्रश्न विचारले गेलेत. विचारणाऱ्यांत एक वकीलही होता.

काम साधं होतं. एक आवाज ओळखायचा.

टेबलावर काळा पत्र्याचा एक चपटा डबा होता. पुढे हिरवट उजेडाची छोटी पट्टी, एक गोल बटण, बस. याला साउंड मॉड्यूल म्हणतात. त्याला स्वतःच्या वाजवायच्या पट्ट्या नसतात. शेजारच्या कीबोर्डची वायर त्यात खुपसायची. आत व्हायोलिन, बासरी, ढोल, घंटा असे शेकडो आवाज नंबर लावून भरलेले. खऱ्या माणसांकडून एकेक सूर वाजवून किंवा गाऊन घ्यायचा आणि चिपमध्ये गोठवून ठेवायचा. पट्टी दाबली की तो सुटतो. एके काळी हा डबा गल्लीबोळातल्या स्टुडिओंतही असायचा. त्यात चौपन्न नंबरला ‘समूहस्वर’ होता. बायकांचा लांबलचक ‘आ’. साबणाच्या जाहिरातीत तो होता, लिफ्टमध्ये होता, बँकेने फोनवर ताटकळत ठेवलं की कानात तोच वाजायचा.

बाईंना सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो. ताईंचं म्हणणं होतं की यात समूह वगैरे काही नाही, ही एकटी त्यांची बहीण आहे.

बहीण त्यांच्याहून बरीच धाकटी. लाडाने तिला त्या चिमणी म्हणत. लहानपणापासून दम्याची, आणि तरी गळा असा की शेजारीपाजारी हातातलं काम थांबवून ऐकत. कंपनीने तिला आठवडाभर नेलं, गाद्या ठोकलेल्या एका खोलीत उभं केलं आणि एकेक सूर गाऊन घेतला. शेवटच्या दिवशी कंपनीच्या गाडीतून घरी आली ती मृतच. काम आटोपून ठणठणीत बाहेर पडली आणि रस्त्यात कोसळली, असं कंपनीने तेव्हा सांगितलं आणि आजही सांगते. फक्त तिच्या पायांत चपला नव्हत्या. त्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा शिपाई पिशवीतून देऊन गेला. पावलांचा आवाज टेपवर येऊ नये म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात, हे ताईंना फार नंतर समजलं.

अनवाणी मुलगी रस्त्यात कशी कोसळली, एवढा एक प्रश्न घेऊन ही बाई तीस वर्षं त्या कंपनीच्या पायऱ्या चढत राहिली. तिने भरपाई मागितली नाही. ‘तिचा जीव तुमच्या खोलीत गेला, एवढं म्हणा,’ ही मागणी. ते तर कोणी म्हटलं नाहीच, उलट तुमच्या बहिणीचं रेकॉर्डिंग आम्ही वापरलंच नाही, म्हणजे विषयच मिटला, असं उत्तर मिळालं. मग माझ्यासारख्या बातमीदाराचं डोकं फिरणारच. आवाज तिचा आहे हे आधी सिद्ध करू, पुढचं पुढे पाहू, असं ठरवून आम्ही तिघं त्या तळघरात बसलो होतो.

मी टेपरेकॉर्डर चालू केला. मिस्त्रीने डब्याची कळ दाबली. तापलेल्या धुळीचा वास पसरला.

“म्हातारा झालाय ताई, गरम व्हायला वेळ घेतो,” मिस्त्री म्हणाला. “माझ्यासारखाच.”

ताई हसल्या. त्याने चौपन्न नंबर लावला आणि मधली एक पट्टी दाबली.

मी तो ‘आ’ हजार वेळा ऐकला असेन, पण मन देऊन पहिल्यांदाच ऐकला. स्वच्छ, जरासा पातळ आवाज. ताईंचं हसू ओसरलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मिस्त्रीचं बोट पट्टीवर होतं आणि सूर चालू होता. न डगमगता, न थकता, चालूच होता. बऱ्याच वेळाने ताईंनी विचारलं की ती दम कधी घेते.

मिस्त्रीने समजावलं. सुरातला मधला छोटा तुकडा गोल गोल फिरवत ठेवलेला असतो, त्यामुळे पट्टी दाबून ठेवली तर तो संपतच नाही. श्वास टेपवर असतो, पण तो आधी छाटतात. आवाज विकत घेणाऱ्याला श्वास नको असतो.

“म्हणजे घेऊच देत नाहीत,” ताई म्हणाल्या.

मिस्त्रीने मान खाली घातली आणि तो एकेक पट्टी वर चढू लागला. आवाज उंच होत गेला, बारीक होत गेला. वरच्या टोकाजवळच्या एका पट्टीवरून त्याने बोट उचललं. सूर थांबला नाही.

जुन्या डब्यांत सूर अडकतो, मिस्त्री म्हणाला, नेहमीचंच आहे. त्याने गोल बटण फिरवलं. कीबोर्डची वायर उपटली. सूर तसाच. मग त्याने डब्याची कळ बंद केली. हिरवा उजेड विझला. सूर तसाच... त्याने भिंतीतून प्लग ओढून काढला, मग स्पीकरचाही, आणि दोन्ही वायरी हातात धरून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या हातातल्या वायरी कुठेही जोडलेल्या नव्हत्या. आणि आवाज आता स्पीकरमधून येत नव्हता. खोलीच्या मधोमध, माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून येत होता.

मी खुर्चीतून उठलो, पण पाऊल पुढे पडेना. ताई मात्र उठून त्या आवाजाजवळ गेल्या. तापाने फणफणलेल्या पोराशी बोलावं तसं, अगदी हळू म्हणाल्या, “पुरे बाळा... श्वास घे.”

सूर थांबला.

आणि मग श्वास आला. आत ओढलेला. लांब, शिट्टीसारखा, छाती भरलेल्या माणसाचा. घरात दम्याचं माणूस असेल त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. नंतर खोलीत काहीच नव्हतं. मी टेपरेकॉर्डर बंद केला. खात्रीसाठी बटण दोनदा दाबलं, हे मला नक्की आठवतं.

ताईंना घरी सोडून मी ऑफिसात आलो आणि सगळ्यांची ये-जा चालू असताना टेप लावली. सूर होता. ताईंचे शब्द होते. श्वास होता. टेप तिथे संपायला हवी होती. ती पुढे चालली.

थोडा वेळ नुसती शांतता. मग एका तरुण पुरुषाचा आवाज, काचेपलीकडून यावा तसा. “पुढचा.” शांतता. “पुढचा.” पुन्हा शांतता. मग जरा चेष्टेत, “काय गं, झोप लागली का?”

त्यानंतर बराच वेळ काही नाही, आणि मग एक सूर. दुपारी डब्यात ऐकलेल्या कुठल्याच सुरासारखा नाही. या सुरात ती मधे दोनदा श्वास घेते. घाई नाही, घरघर नाही. सूर संपतो. मग कोणीतरी हलकेच खाकरतं, पुढचं गाण्याआधी गळा साफ करावा तसं. त्यापुढे टेप कोरी होती.

दुसऱ्या दिवशी मी ती कंपनीत नेली. चिमणीचं रेकॉर्डिंग ज्याने केलं तो आता तिथला मोठा साहेब आहे. चष्मा पुसत, माझ्या वर्तमानपत्राचं कौतुक करत, आपण त्या काळी साधे नोकर होतो आणि असली कामं आठवतसुद्धा नाहीत, असं त्याने मला बराच वेळ ऐकवलं. मी वाद घातला नाही. टेप लावली.

“पुढचा” आलं तेव्हा त्याचा चष्मा पुसणारा हात थांबला. “काय गं” आलं तेव्हा तो म्हणाला, “हे मी पुसलं होतं.”

मी विचारलं, काय पुसलं होतं? तो माझ्याकडे नाही, यंत्राकडे बघत होता. तेवढ्यात तो शेवटचा सूर लागला आणि साहेबाने टेबलाची कड धरली.

“हा नाही,” तो म्हणाला. “हा तिने दिलाच नाही. मी दार उघडलं तेव्हा ती...”

तिथे त्याला आपण काय बोलतोय हे कळलं. त्याने घंटी वाजवली आणि मला बाहेर काढण्यात आलं. पण माझ्या खिशात दुसरा टेपरेकॉर्डर चालू होता. साहेबाचं वाक्य मी जसंच्या तसं पहिल्या पानावर छापलं. ताईंना जे हवं होतं ते अशा रीतीने मिळालं: तिचा जीव त्या खोलीतच गेला, आणि हे कंपनीला पहिल्यापासून माहीत होतं.

मला वाटलं, जिंकलो. पेपर घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला आणि टेप ऐकायची म्हणाल्या. डोळे मिटून शेवटच्या खाकरण्यापर्यंत ऐकली. मग मिस्त्रीला फोन लावायला सांगितला. त्यांचा प्रश्न एवढाच होता की खोलीत गाणाऱ्या माणसाला काम संपलं हे कळतं कसं. मिस्त्रीने सांगितलं की काचेपलीकडचा माणूस हेडफोनमध्ये ‘झालं’ म्हणतो. ते ऐकू येईपर्यंत गाणारा जागचा हलत नाही. हलला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

ताईंनी फोन खाली ठेवला. “मग पोरगी अजून उभीच आहे,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर ताईंची मागणी बदलली. कबुली नको, माफी नको. साहेबाने तळघरात यावं, मोठ्याने ‘झालं’ म्हणावं आणि आपल्या घरी जावं. मी ती मागणी स्वतः कंपनीच्या वकिलाला जाऊन सांगितली. वकील सज्जन होता, त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की तो शब्द उच्चारणं म्हणजे काम त्या खोलीत अर्धवट राहिलं हे मान्य करणं होईल, सबब आमचे साहेब असं काही म्हणणार नाहीत. एका शब्दासाठी एका बाईला अडवून धरणारी माणसं मी या धंद्यात पुष्कळ पाहिली आहेत. इतक्या शांत चेहऱ्याने अडवणारी नव्हती पाहिली.

ती टेप माझ्या कपाटात कुलपात असते. किल्ली एकच आहे. हे लिहायला बसण्याआधी शब्द तपासून घ्यावेत म्हणून मी ती पुन्हा लावली. खाकरण्यानंतर टेप आता कोरी नाही. तिथे कोणीतरी “पुढचा” म्हणतं, आणि ती गाते. पुन्हा “पुढचा”, आणि ती गाते. सूर एकेक पायरी वर जातात. टेप संपेपर्यंत हेच आहे.

सांगणारा आवाज त्याच माणसाचा आहे, पण तो तरुण नाही. घोगरा आहे, दमलेला आहे, आणि दर वेळी आधीपेक्षा क्षीण होतोय. मधे एकदा तो विचारतो, “अजून किती?” त्यावर कोणी उत्तर देत नाही.

मी कंपनीला फोन केला. साहेब घरी आहेत, असं सांगण्यात आलं. घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने मलाच विचारलं की कंपनीने त्यांना कुठे पाठवलंय, कारण छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तातडीचं रेकॉर्डिंग आहे असं सांगून ते निघाले, ते परतलेले नाहीत. कंपनी म्हणते की असं कोणतंही रेकॉर्डिंग ठरलेलं नव्हतं.

साहेब कुठे आहेत, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही. टेपवर ‘झालं’ हा शब्द अजून आलेला नाही.