पिवळ्या स्टिकरांचा मंगळवार

भाऊजींच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मंगळवारची सकाळ होती. भाऊजी गालावरचे खुंट खाजवत वहिनींच्या बाहेरच्या खोलीत बसले होते.

"सँडविचच्या दुकानासमोरचा न्हावी मंगळवारी कुलूप लावतो," ते म्हणाले. "हे मला दर मंगळवारी त्याच्या दारात पोचल्यावरच आठवतं."

"व्याह्यांकडे असे जाऊ नका. लग्न तिसऱ्यांदा जुळवावं लागेल," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी पंचवीस वर्षं फोटो धुण्याच्या खोलीत काढली होती. आता त्या खाजगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे दीर. सोबतीला जात, आणि जिथे जात तिथे काहीतरी खात.

तेवढ्यात दारात एक बाई आली. त्याच सँडविचच्या दुकानात ती नऊ वर्षं काउंटरवर होती. तिने पिशवीतून छापलेला फोटो आणि नोटीस काढली.

"कंपनी गुप्त ग्राहक पाठवते, ताई. तो गुपचूप फोटो काढतो. हा फोटो गेल्या मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी काढला, असं त्याने अहवालात लिहिलंय. आमच्याकडे रोज सकाळी डब्यांवर त्या वाराचे स्टिकर लावतात. मंगळवारचा हिरवा, शुक्रवारचा पिवळा. आणि इथे बघा."

चारही डब्यांवर पिवळे स्टिकर होते.

"म्हणजे चार दिवसांचा शिळा माल," भाऊजी म्हणाले.

"मी हिरवेच लावले होते हो! शुक्रवारपर्यंत उत्तर नाही दिलं तर घरी बसा म्हणतात. घरात कमावणारी मी एकटीच."

वहिनींनी भिंग काढलं. तिरप्या काचेतून काढलेला फोटो. डब्यात सॅलडची पानं, काकडीच्या ताठ चकत्या. काचेवर रस्त्याचं पुसट प्रतिबिंब: एक उघडं दार, खुर्ची, आणि खुर्चीत मानेपर्यंत पांढरं कापड गुंडाळलेला माणूस.

"काकडी छान दिसतेय," भाऊजी म्हणाले.

"बरं झालं बोललात," वहिनी म्हणाल्या.

दुपारी दोघं दुकानात गेले. पर्यवेक्षक घाईत होता.

"तिच्या जागी तुमची मेहुणी येणार, असं ऐकलं," वहिनींनी सरळ विचारलं.

तो लाल झाला. "अर्ज आलाय तिचा. पण फोटो मी काढला नाही! अहवाल वाचा ना. सेवेला दहापैकी दहा, स्वच्छतेला दहापैकी दहा. माल शिळा आहे हे ऑफिसातल्यांनी फोटोवरून पकडलं."

वहिनींनी अहवाल चाळला. "याला पावती जोडलेली नाही."

"हरवली म्हणून लिहिलंय. सहा वर्षांत पहिल्यांदाच. होतं कधी कधी."

काउंटरमागची दुसरी बाई भाऊजींचं सँडविच बांधता बांधता हसली. "गुप्त ग्राहक म्हणे! मोबाईल छातीशी धरून मेसेज वाचल्याचं नाटक करतात. आम्ही त्यांना कडावाले आजोबा म्हणतो. ब्रेडच्या कडा काढून दोन पुड्या बांधायला लावतात. आजीला कडा चावत नाहीत म्हणून."

"मंगळवारी आले होते?"

"मंगळवारी गर्दी होती हो, कोण आलं कोण गेलं. त्याच्या आदल्या शुक्रवारी आलेले पक्के आठवतात. स्टिकर मात्र त्या मंगळवारी हिरवेच होते. माझ्या हाताने पुसलेत मी डबे."

"मैत्रिणीला वाचवतेय," बाहेर पडताना भाऊजी कुजबुजले.

"भाऊजी, दाढी कधी करणार?"

"उद्या. आज बंद आहे ना तो."

"मग उद्या दाढी करून पर्यवेक्षकाला घेऊन आजोबांकडे या."

बुधवारी भाऊजी गुळगुळीत गालांनी पोचले. आजोबा मागच्याच गल्लीत राहत. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. पलंगावर एकच उशी होती. वहिनींनी फोटो टेबलावर ठेवला.

"एखादा डबा चुकून राहिला असता तर समजू शकलं असतं," त्या पर्यवेक्षकाला म्हणाल्या. "पण चारही? आणि चार दिवस चिरून ठेवलेली काकडी इतकी ताठ? माल शिळा नाही. फोटो शिळा आहे. शुक्रवारचा."

"कशावरून?" पर्यवेक्षक म्हणाला.

"काचेत बघा. समोरच्या दुकानात कोणीतरी दाढी करून घेतंय. भाऊजी, मंगळवारी?"

भाऊजींचा हात आपसूक गालावर गेला. "कुलूप!"

"म्हणून पावती नाही. आजोबा, त्या मंगळवारी तुम्ही दुकानात गेलाच नाहीत."

आजोबांनी फोटो हातात घेतला.

"अहवाल त्याच दिवशी द्यावा लागतो," ते हळूच म्हणाले. "भेटीआधी एकदा अंदाज घ्यायला जातो मी. आदल्या शुक्रवारी गेलो होतो, तेव्हाचा फोटो मोबाईलात होता. मंगळवारी तिला दवाखान्यात नेलं. बाकड्यावर बसून अहवाल भरला. दुकान चांगलंच आहे, म्हणून सगळीकडे दहा दिले. स्टिकर... मला वाटायचं, शोभेला लावतात."

"त्या बाईची नोकरी जातेय, आजोबा."

"कडा काढून देते ती?"

"तीच."

आजोबा उठले. कपाटातून कागद काढून त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर वळणदार होतं: मंगळवारी मी दुकानात गेलो नाही, चूक माझी आहे.

"हे दिलं की तुमचं काम जाईल," पर्यवेक्षक म्हणाला.

"आता दोन पुड्या कोणासाठी बांधून घेऊ?"

पर्यवेक्षकाने कागद घडी करून खिशात ठेवला. "नोटीस आजच मागे घेतो," तो म्हणाला. "मेहुणीला मी सांगेन काय ते." जिना उतरताना भाऊजींनी, कधी नव्हे ते, खाण्याचं नाव काढलं नाही.

आजोबांच्या पत्नी त्या मंगळवारनंतर दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी दहा वाजता, दवाखान्यात वारल्या.